घरी जेवतो का

— नाही नाही, ते पत्रक ठेवा तुमच्याकडेच, ताई, फी मला पाठ आहे. तुमच्या कॉलेजची बीबीए तीन वर्षांची एक लाख ऐंशी हजार, आणि ते दुसरं, सहाशे किलोमीटरवरचं, वसतिगृह-जेवण धरून एक लाख साठ — सरकारी ना ते. आता तुम्ही म्हणाल, मग काकू माझ्यापुढे कशाला बसल्यात? सांगते. लेकीचं दोन्हीकडे नाव लागलंय, आणि ती म्हणते, आई, तू चौकशी कर, तू म्हणशील तिथे जाईन. असं म्हणतात का हल्लीच्या मुली? आज पैसे भरायची शेवटची तारीख, आणि सगळं माझ्या डोक्यावर ठेवून ही खुशाल मैत्रिणीकडे.

केली मग चौकशी. वही वाणसामानाची आहे, मागची पानं बघा. पत्रकातल्या फोटोंवर माझा विश्वास नाही, कोट चढवला की कुणीही साहेबच दिसतो — म्हणून पास झालेल्या मुलांचे नंबर मिळवले, ह्याच्याकडून त्याचा, त्याच्याकडून तिचा, आणि दुपारी कामं आवरली की एकेकाला फोन. बोलतात हो मुलं. घर तसं शांतच असतं, हे गेले त्याला चार वर्षं झाली, मग जरा लांबतंच बोलणं. तर तुमच्याकडचे आठ — तिघांना नोकरी, दोघं शोधतायत, दोघं पुन्हा कसलासा कोर्स करतायत, आणि एक वडिलांच्याच टायरच्या दुकानात बसतो, त्यालाही तुम्ही नोकरीत धरलंय. हसताय काय, छापलंय तुम्ही. आणि तिकडचे? आठच्या आठ कामाला. पगारसुद्धा विचारले मी, लाज कसली त्यात.

तो रकाना होय — तो काही नाही. बरं, वाचा. ‘घरी जेवतो का.’ शेवटी सहज विचारायचे. तुमच्याकडचे सात जण रोज आईच्या हातचं जेवतात. तिकडचा एकही नाही. एक मुलगी म्हणाली, काकू, मी दर रविवारी आईला फोन करते की. किती वेळ गं, म्हटलं. सहा-सात मिनिटं, म्हणाली — अगदी कौतुकाने.

आणि हे खोडलंय ना, ते मीच. लेकीला वही दाखवायच्या आधी तिकडच्या आठांचे पाच केले. तीन महिने बिनसाखरेचा चहा पितेय, पोरीला चांगल्या ठिकाणी प्रवेश मिळू दे म्हणून, आणि वर हे. नवस बोलताना कॉलेजचं नाव मात्र जिभेवर येईना. देवाने दोन्ही दिली — म्हणाला असेल, बघू या बाईचं पाणी.

तुम्ही इथूनच शिकलात का हो? अस्सं. आणि राहता आईजवळच? छान. तिला बरं वाटत असेल — नाही? रोज विचारते? दुसरी नोकरी बघितलीस का म्हणून… ताटावर बसल्या बसल्या? आणि मग तुम्ही?

खाली मान घालून जेवून उठता.

…नको, तो अर्ज राहू द्या. थांबा, तिला फोन लावते, तिकडचे पैसे फोनवरूनच भरता येतात ना — हॅलो, मी बोलतेय. तिकडचे भर. हो, तिकडचेच. अगं, पाच नाही, आठ — घरी ये, सांगते सगळं. नाही, रडत नाहीये, इथे पंखा फार जोरात आहे.

घ्या, ताई, उठले मी. मागच्यांना बोलवा.