मी पेरलेली रानभाजी

अगं, भाजीचा भाव विचारायलाही लाजणारी मी, त्या दिवशी साक्रीच्या बाजारात सगळ्यांना माहीत झाले! माझी मैत्रीण रेश्मा हिची आत्या, म्हणजे अक्का, डोंगरातून रानमुसळी या रानभाजीची पानं खुडून बाजारात विकते. मीही तिच्यासोबत खुडायला गेले आणि सगळ्यांच्या आधी पिशवी भरली. अक्काने आत हात घातला.

"ओ माय! कंदबी उपटी लयनी? मंग पुढला साल काय उगी?"

सोबतच्या बाकीच्या बायका भाकरी खात बसल्या आणि मी एकेक कंद परत मातीत लावत होते.

दुपारी बाजारात एक काकू म्हणाल्या, "अक्का, आज भाजी इतकीच?"

अक्काने माझ्याकडे बोट केलं. "बाकीनी या पोरनी परत पेरी दिनी!"

सगळे हसले. मग मीच म्हणाले, "काकू, पुढच्या वर्षी मोठी पिशवी आणा."