पाण्याचा कॅन

(शिलाईच्या दुकानामागची खोली. कापडाचे तागे, इस्त्रीचं टेबल, कोपऱ्यात इन्व्हर्टर आणि त्याची नवी बॅटरी. बॅटरीपुढे वडील उकिडवे बसलेत, शेजारी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन. लेक दारात.)

लेक: बाबा, तो स्क्रूड्रायव्हर आधी खाली ठेवा बघू.

वडील: अगं, झाकणं घट्ट बसलीत. जरा उचकटतो.

लेक: तिला झाकणं नाहीतच.

वडील: मग पाणी कुठून घालायचं?

लेक: घालायचंच नाही. सीलबंद आहे ती. उघडलीत की कामातून गेली.

वडील: वा! जन्मभर गॅरेजात बॅटऱ्या उघडल्या, आता लेक म्हणते हात लावू नका. आत एवढं काय दडवलंय?

लेक: तेच शिसं, तेच ॲसिड. फक्त प्लेटांच्या मध्ये काचेच्या तंतूंची गादी असते, ती सगळं ॲसिड शोषून धरते. आडवी पाडली तरी थेंब सांडायचा नाही.

वडील: आडवी कशाला पाडायची? झोपवायचीय का तिला?

लेक: वास नाही, वाफ नाही. आता हे रेशमाचे तागे शेजारी ठेवले तरी जिवाला घोर नाही. आणि चार्जही लवकर होते. परवा दुपारभर वीज नव्हती, तरी तिन्ही मशीन चालू होती माझी.

वडील: आणि किंमत?

लेक: ती विचारू नका.

वडील: म्हणजे दुप्पट. बरं, आत काय चाललंय ते कळणार कसं? जुनीत डोकावलं की पाणी किती उरलंय ते दिसायचं. काचेची नळी बुडवली की ॲसिडचा दम कळायचा. ही बया तोंड मिटून बसणार आणि एक दिवस न सांगता-सवरता मान टाकणार.

लेक: हो, ते खरंय.

वडील: चार्ज जास्त झाला तर सुकेल. आणि एकदा सुकली की वरून पाणी घालायची सोय नाही. चालली भंगारात.

लेक: तेही खरंय. उन्हाळ्यात जपावं लागेल.

वडील: इन्व्हर्टरवरचं बॅटरीचा प्रकार निवडायचं बटण जुन्यावरच ठेवलं असशील. थांब, बघतो.

लेक: पहिलं तेच फिरवलं, बाबा. मुलगी कोणाची आहे?

वडील: हो. फिरवलंयस खरं.

लेक: असे काय बसलात? सांधे धरले का?

वडील: सांध्यांना काय झालंय? मी म्हणतो, जुनी चांगली चालत होती. नवी आणायची तर एका शब्दानं विचारायचंस.

लेक: विचारलं असतं तर आणू दिली असती?

वडील: नसती.

लेक: म्हणून नाही विचारलं. मागच्या खेपेला काय झालं ते आठवतंय? पाणी घालताना हात थरथरला तुमचा. ॲसिड उडालं, शर्टाची बाही जळली.

वडील: बाही जुनीच होती.

लेक: डोळा जुना आहे का? जरा वर उडालं असतं तर? त्या रात्री मला झोप लागली नाही, बाबा.

वडील: मग तसं सांगायचं. मी चष्मा घालून आलो असतो.

लेक: तुम्ही? चष्मा? गॅरेजात कधी घातलात का?

वडील: ते जाऊ दे. मी आता महिन्याच्या महिन्याला इथं येऊन करू काय? टेप गळ्यात अडकवून गिऱ्हाइकांची मापं घेऊ?

लेक: लेकीकडे यायला काम लागतं?

वडील: मला लागतं. तू गॅरेज सोडून शिलाईत पडलीस, तेव्हा नाही नाही ते बोललो मी. नुसतं येऊन बसायला तोंड आहे का? बॅटरी होती म्हणून येता आलं. पहिल्यांदा तुझा फोन आला, "बाबा, बॅटरीत कुठलं पाणी घालायचं असतं?" आणि मी तसाच कॅन उचलून निघालो.

लेक: चपला दोन जातींच्या घालून.

वडील: घाई होती. पण एक सांग, गॅरेजात वाढलेली पोर तू. कुठलं पाणी घालतात ते तुला ठाऊक नव्हतं?

लेक: तुम्हाला काय वाटतं?

वडील: मला तेव्हाच शंका आली होती.

लेक: मग विचारलं का नाहीत?

वडील: तू सांगितलं का नाहीस?

लेक: तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही.

वडील: हं. चल, निघतो. कॅन परत नेतो, गाडीच्या बॅटरीला होईल.

लेक: राहू द्या तो. इस्त्रीला हवाय.

वडील: इस्त्रीला?

लेक: वाफेची इस्त्री आहे. नळाचं पाणी घातलं की आत क्षार धरतात, आणि मग पांढऱ्या कापडावर पिवळे डाग.

वडील: एवढे दिवस काय घालत होतीस मग?

लेक: नळाचंच. आणि डाग धूत बसायचे.

वडील: वेडी कुठली! अगोदर बोलायचंस की. महिन्याला एक कॅन पुरेल?

लेक: छे! आठवडाभर पुरला तरी खूप झालं.

वडील: आठवड्याला एक कॅन? एवढं पाणी पिते तुझी इस्त्री?

लेक: तुम्ही विचारू नका, मी सांगत नाही.