मामा यादीत बसत नाहीत

झेरॉक्सच्या दुकानात शिंप्याचा नंबर दुसरा होता. त्याच्या पुढे एक भाची आणि तिचे घड्याळं दुरुस्त करणारे मामा, दोघंही ऑपरेटरच्या खुर्चीमागून स्क्रीनकडे वाकलेले. भाचीला कॉलेजात निबंध आज पाचच्या आत द्यायचा होता.

"ताई, संदर्भांच्या यादीतून मामांचं नाव काढतोय," ऑपरेटर म्हणाला.

"का? लंबकांवरचा अर्धा निबंध त्यांनीच सांगितलाय."

"तोंडी ना? संदर्भ द्यायची ती एपीए पद्धत आहे ना, तिच्या नियमात तोंडी सांगितलेलं मजकुरात कंसात येतं. यादीत नाही."

"कंसात? अहो, यादीत नाव आहे म्हणून मी गल्लीभर सांगून बसलोय!"

"मामा, जरा हळू."

"हळू काय? तुझ्या आईनं व्याह्यांनाही कळवलंय."

"काका, वाचकाला जे शोधून तपासता येतं, तेच यादीत घेतात."

"मग हे पहिलं नाव कुणाचं?"

"आमच्या सरांचं. त्यांचा जुना प्रबंध आहे."

"कुठे मिळतो?"

"मिळत नाही, मामा. एकच प्रत आहे, विभागाच्या कपाटात. किल्ली सरांकडे, आणि सर परदेशात."

"आणि मी रोज दहा ते सात दुकानात बसतो. जेवायलासुद्धा घरी जात नाही."

"तरी तुम्हाला तपासता येत नाही, काका."

"डॉक्टर दर महिन्याला तपासतात."

शिंप्याला राहवलं नाही. "अहो, तुमचं दुकान कुठंय? आमचं भिंतीवरचं घड्याळ सहा महिने बंद आहे."

मामांनी ऑपरेटरच्या खांद्यावर हात ठेवला.

"घे माझं नाव टाइप करायला. निबंध अजून छापलाही नाहीस, आणि मी एकाला सापडलोसुद्धा."