डोंगलमधली घंटी

नगमा : हलवू नको त्याले, अमोल. असा उपसून उपसून पुन्हा खुपसला तर एक दिवस डोंगल हातात तुटून येईल. माझ्या दुकानात तुटला का नाव माझं.

अमोल : मंग काय करू, आपा? याच लॅपटॉपवर धावत होता. नवीन विंडोज टाकलं तवापासून मुका झाला. लावला का सीडी दाखवते. एवढ्याशा डोंगलात सीडी कुठून आली?

नगमा : वो सीडी नाही रे बाबा. डोंगलच्या पोटात सॉफ्टवेअर भरलेलं असते, तेच सीडीसारखं दिसते. अन् ते हाये जुन्या विंडोजचं. नवीन विंडोज त्याले वळखतच नाही. सासू बदलली, सून तीच.

अमोल : म्हंजे फेकून देऊ?

नगमा : फेकतो कायले? ज्यानं डोंगल बनवला, त्याचंच सॉफ्टवेअर टाकून राहिली मी. सिम विकणाऱ्यानं अर्धी बटनं झाकून ठेवली होती. याच्यात सारी उघडी हायेत. मेसेज पाय, फोन कर.

अमोल : लॅपटॉपवरून फोन?

नगमा : आत सिमच हाये ना. सिमले काय माहीत, ते मोबाईलात हाये का डोंगलात?

अमोल : मले नेट झालं तरी लय झालं. दोन सालं कपाशी पाण्यावाचून गेली, सोयाबीन गेलं. पुण्याची कंपनी नेटवरच मुलाखत घेतो म्हन्ते, अन् मी इथं सीडी पाहत बसलो.

नगमा : थांब. बत्ती निळी झाली. आलं नेट. दुवा दे तुझ्या आपाले.

अमोल : देल्ली. आपा, हे काय वाजून राहिलं?

नगमा : फोन. तुझ्या डोंगलले फोन येऊन राहिला.

अमोल : मस्करी नको करू. डोंगलले कोन फोन करन? हा नंबर मी कोनालेच देला नाई.

नगमा : हा काय, नंबर दिसते इथं.

अमोल : हा... हा तर बाबाचा नंबर हाये.

नगमा : मंग त्यात एवढं दचकतो काहून? उचलते मी. हे पाय, असं बटन दाबलं का...

अमोल : नको, आपा. बाबाजवळ माहा नंबर हाये. हे सिम मायचं हाये.

नगमा : जमुनाकाकीचं? या अल्ला, मी तर दाबलं बटन. हॅलो? हॅलो, कोन?

नत्थुजी : जमुना?

नगमा : नाही काका. मी नगमा बोलते. बार्शीटाकळीहून.

नत्थुजी : हं. म्हंजे कंपनीनं तुमाले देला का बाई, हा नंबर?

नगमा : नाही, मी...

नत्थुजी : आमच्या घरचीचा होता. दुपारी वावरातून लावत होतो तिले. कोन्या धुऱ्यावर, कोन्या बांधावर बसलो ते सांगाले, म्हंजे डबा घेऊन तिकडंच ये. गेल्या साली ती गेली. तरी घंटी जात होती. कशी जाते, ते मी कोनाले इचारलं नाई. इचारलं का बंद होईन, असं वाटे. मधात लय दिवस बंदच सांगे. आज गेली घंटी, अन् तुमी उचलला. जीवच उडाला माहा.

नगमा : काका, ऐका ना...

नत्थुजी : तुमचा काई कसूर नाई, बाई. आता नाई लावत मी. मापी करा.

नगमा : काका, ठेवू नका. मले कोनी नाही देला हा नंबर. तुमचा फोन भलतीकडे लागला. सकाळपासून असंच होऊन राहिलं इकडे. पुन्हा लावून पाहा.

नत्थुजी : पुन्हा?

नगमा : हो. ठेवते मी. अमोल? काकीचं सिम याच्यात कसं आलं?

अमोल : म्याच टाकलं, आपा. मायचा मोबाईल मावशीले देला, सिम फुकट जाईन म्हून डोंगलात टाकलं. बाबाले सांगतलं बी नाई. सालभर याच्यावर मी क्रिकेट पायलं. अन् तिकडून ते घंटी वाजवून राहिले होते.

नगमा : तुले कशी ऐकू येईल? त्या जुन्या सॉफ्टवेअरमधे घंटीच नव्हती.

अमोल : माय गेली तवा ते रडले बी नाई. तिसऱ्या दिवशी वखर घेऊन वावरात गेले. मले राग आल्ता. म्या लोकाइले सांगतलं, माहा बाप दगड हाये म्हून.

नगमा : मंग मघाशी बोलला काहून नाही त्यांच्यासंगं?

अमोल : कोन्या तोंडानं बोलू, आपा?

नगमा : मी पण झूठ बोलली. रोजा हाये माझा, अन् म्हाताऱ्या मानसाशी झूठ बोलली.

अमोल : आपा, वाजलं. पाय, पुन्हा वाजलं.

नगमा : हात मांगे घे.

अमोल : सांगून टाकतो त्याइले. मी हाये म्हून...

नगमा : हात मांगे घे म्हणते ना. वाजू दे.

(लॅपटॉपमधून घंटी वाजत राहते. दोघंही पडद्याकडे बघत बसतात. वाजून वाजून ती थांबते. मग अमोलच्या खिशातला मोबाईल वाजतो.)

अमोल : हां, बाबा.

नत्थुजी : कुठी हायेस?

अमोल : बार्शीटाकळीले. लॅपटॉप दुरुस्तीले आन्ला.

नत्थुजी : मायचं सिम कोनाले देलं का तू?

अमोल : नाई बाबा. माह्यापाशीच हाये.

नत्थुजी : त्याच्यावर एक बाई बोलली मघाशी.

अमोल : भलतीकडे लागला असन. पुन्हा लावून पाहा.

नत्थुजी : लावला.

अमोल : मंग?

नत्थुजी : घंटी गेली. कोनीच नाई उचलला. बरं वाटलं, पोरा. जेवतो आता.