विजयमालाचा सुळा

…आवं, सरळ दात काय देव्हाऱ्यात मांडून पुजायचं हायेत? मानसानं भाकरी चावायची, का आरशात बगून नुसतं हसत बसायचं? तुमास्नी सांगते बायांनो, माझ्या भनीच्या लेकीच्या, आमच्या विजयमालाच्या तोंडाचं जे केलंय ना, त्ये आठवलं की माझं मस्तक फिरतंय! दात झालं सरळ… पर चावायचं कशानं?

आता ही पोरगी कशी? पाटनच्या शिवारात वाडलेली. उसाचं कांडं हातात आलं की कोयता मागायची न्हाई. वरचा डावा सुळा जरा भाएर, शेजारच्या दाताच्या खांद्यावर चडून बसल्यागत; त्यो सालीत रुतवायची आन टर्रकन सोलायची, भाऊ बगतच ऱ्हायाचं! तर वाळव्याकडनं पावनं आलं पोरगी बगाया. मुलगा कृष्णात, घराच्या तिन्ही अंगांना ऊस, मानसं चांगली. पोहं झालं, च्या आला, आन मुलाची आई हरणाबाई पोरीच्या तोंडाकडं बगून म्हनली, "पोरीचा सुळा भाएर हाय व्हय…"

झालं! पुडं ती काय म्हननार हुती, द्येवाला ठावं! आमचं दाजी, पोरीचा बा, सुभेदार नाथाजी, एकाहत्तरची लढाई करून पेन्शनीत आल्यालं… दुसऱ्याचं बोलनं पुरं हुऊ देत्यात व्हय? उठलं ताडकन, "समजलं! दात लायनीत आनतो, मगच लगीन!" हरणाबाईचा कप तोंडापाशी तसाच. आवं, बाईला बोलू तरी द्या की! न्हाई. हुकूम सुटला. पावनं बिचारं म्हनलं, बरं, थांबतो. पोरगी पसंत हुती न्हवं!

निगाली वरात सांगलीला. तितं मुंबईस्नं शिकून आल्याला, दातांना तार बांदनारा डाक्टर. त्यो नाकातनं बोलतोय, "जबडा लहान आहे, दातांना जागा नाही. वरच्या दोन, खालच्या दोन, अशा चार बारक्या दाढा काढू, मग सुळा मागं ओढून घेऊ." म्या म्हनलं, "चांगल्या दाढा? किडल्याल्या न्हाईत, हालत न्हाईत, आन काडायच्या?" तर दाजी माझ्यावरच डाफरलं, "सुलाबाई, गर्दी झाली की मानसं हालवावी लागत्यात!" आवं, दाढ म्हंजे काय बराकीतला शिपाई हाय, हितनं उचलला, तितं धाडला?

काडल्या दाढा. घातली तार. दर म्हैन्याला यस्टीनं सांगली, कऱ्हाडात गाडी बदला, तार आवळून घ्या, परत या. जाताना पोरगी गप, येताना गाल धरून मुसमुसती. ऊस बंद, कनीस बंद, शेंगदानं बंद, भाकरी आमटीत कुस्करून! आन दाजी रोज सकाळी तिला अंगनात उभं करून तोंड उघडाया लावनार, "हां, डाव्याचा दुसरा अजून मागं हाय." कवा एकदा तरी इचारलं का, "पोरी, दुकतंय का?"

पुडं व्हता व्हता सुळा मागं सरकला, दात आलं रांगंत. डाक्टर म्हनला, "घाई करू नका. वरची रांग सरळ झाली, खालची झाली, पण वरची खालचीवर अजून बसलेली नाही. दाढा काढल्यावर सगळा चावा नव्यानं जुळवावा लागतो. तार राहू द्या." दाजींनी बोटानं ओठ वर केला, बगितलं, "लाईन सरळ हाय का न्हाई? हाय! मग परेड बरखास्त! वैशाखात लगीन हाय!" डाक्टरनं हात जोडलं, पर तार काडायला लावलीच. घरी आलो, बगतो तर काय? पोरीनं मागच्या दाढा मिटल्या तरी पुडं वर-खाली बोट जाईल एवडी फट! भाकरीचा तुकडा तुटंना! दात झालं सरळ… पर चावायचं कशानं?

आन मांडवात विडा तोडायचा खेळ आला. नवऱ्यानं विडा दातांत धरायचा, नवरीनं आपल्या दातांनी अर्धा तोडायचा, ज्येचा तुकडा मोटा त्येचं घरात चालनार. सगळं गाव गोळा. विजयमाला वाकली, चावली… पान तसंच. परत चावली… पान निस्तं वलं झालं. बाया फिदीफिदी हसत्यात, "आगं, लाजतीस काय, चाव की!" आन पाठीमागनं दाजी वरडत्यात, "जोर से! और जोर से!" माझ्या अंगाची लाही लाही झाली! पोरीच्या डोळ्यांत टचकन पानी आलं. मग काय वाटलं तिला कुनाला ठावं, तिनं कृष्णातच्या तोंडातला विडा हातानं वडला, फाडला, मोटा तुकडा आपल्या गालात कोंबला आन बारका त्येच्या हातावर ठिवला.

तवा हरणाबाई पुडं आली. सुनंची हनुवटी वर केली, हिकडनं बगितलं, तिकडनं बगितलं, आन म्हनली, "आगं… सुळा कुटं गेला?"

"लायनीत घेतला," दाजी म्हनलं.

"कुनी सांगितलं हुतं? त्यो सुळा बगून तर माझा कृष्णात म्हनला, आई, हीच! त्या दिशी म्या त्येच म्हनत हुते, सुळा भाएर हाय व्हय, हसली की लय ग्वाड दिसती… पर सुभेदार, तुमी बोलू दिलं कुटं?"

म्या दाजीकडं बगितलं. दाजी मांडवाच्या खांबाकडं बगत्यात. आता खांब काय बोलनार हाय?

पयला सन झाला आन पुन्यांदा सांगली. दाजी म्हनत्यात, "डाक्टर, लाईन बिगडू देऊ नका." हरणाबाई म्हनती, "डाक्टर, त्यो सुळा जरा भाएर वडता येतोय का बगा." दोगं खुर्चीच्या दोन अंगांना उभं ऱ्हाऊन भांडत्यात, मधी पोरगी आ वासून! शेवटी डाक्टरनंच हात वर केला, दोगास्नी भाएर काडलं, आन तिला इचारलं, "बाळ, तुला काय पाहिजे?" इतक्या वर्सांत पैल्यांदा कुनीतरी इचारलं वो!

पोरगी म्हनली, "मला ऊस खायचाय."

डाक्टर हसला. म्हनला, "खाशील की. चावा बसवून देतो. फक्त तार असेपर्यंत ऊस बंद."

आता तिन्ही अंगांना ऊस, बायांनो… आन आमची विजयमाला मधी बसून पेज पितीया.