राणी बसलेली गाडी

दातांच्या दवाखान्यात शिंपीकाका ठणकती दाढ धरून बसले होते, पण कान मात्र शेजारच्या आजी-आजोबांकडे लागले होते.

"अहो, संध्याकाळी गाडीला गिऱ्हाईक येतंय. महायुद्धाच्या आधीची विलायती उघडी गाडी, हिच्यात राणी बसली होती, एवढंच सांगायचं."

"राणी एकदाच बसली. नंतर कितीतरी वर्षं कोंबड्या बसल्या."

"हेच ते! मागचं गिऱ्हाईक असंच पळवलंत. कोंबड्यांचं नाव काढायचं नाही."

"आणि वरचा टप अडकतो ते? तुला पहिल्यांदा फिरायला नेलं, पाऊस आला, टप चढेना, तेव्हा तू माझ्यावर छत्री धरलीस."

"मी माझ्यावर धरली होती. तुम्ही आत घुसलात!"

"माझी दाढ काढायला बरा आजचाच दिवस सापडला तुला!"

"मुद्दामच ठरवला. संध्याकाळी तोंडातून शब्द फुटायला नको तुमच्या."

आजोबांना आत बोलावलं. तेवढ्यात आजींचा फोन वाजला.

"हो, या ना! गाडी अगदी झकास आहे. राणी बसली होती हिच्यात... काय? जुना टप काढून नवा बसवणार?"

आजींनी आजोबा गेले त्या दाराकडे पाहिलं.

"बरं, त्या कोंबड्यांचं तुम्हाला कुणी सांगितलं का?"