जपानीतला हुंकारा

तुमी हसा, पन आमच्या नातीला जपानी मी शिकिवली. व्हय, मीच! सही करायला मला घाम फुटतो, ती गोष्ट येगळी.

शुभांगी नर्सिंग शिकली, जपानात नोकरीला जायाचं म्हनून क्लास लावला. शब्द सगळे पाठ, तरी मुलाखतीत नापास. क्लासच्या मॅडम म्हनल्या, "समोरचा बोलताना तू गप्प बसतेस. जपानी माणसाला वाटतं, हिचं लक्षच नाही. मधे मधे 'हाई', म्हणजे 'हो', म्हणायचं, आणि तेही योग्य जागी."

पोरगी रडाया लागली. "आबा, आता एकच संधी हाय. आन हे पुस्तकात न्हाय की!"

म्हनलं, "अगं येडे, ह्यो तर हुंकारा! मी गोष्ट सांगतो, तू जपानीत हुंकारा दे."

रोज च्या पिता पिता मी थापा मारायचो, ती 'हाई, हाई' करायची. एकदा बगितलं, ध्यान भलतीकडंच. हळूच म्हनलं, "मग मी वैराग गावाला दुसरी बायको केली."

ही म्हनली, "हाई."

आतनं तिची आजी लाटनं घिऊन आली. "कोन ती सटवी?"

तवापास्नं पोरगी लई कान दिऊन ऐकाया लागली.

दुसऱ्या मुलाखतीत जपानी बाईनं इचारलं, "एवढं छान ऐकायला कुटं शिकलीस?"

ही म्हनली, "आमच्या आबांकडं."

नोकरी पक्की! आता मॅडमनी क्लासातल्या सात पोरी माज्याकडं धाडल्यात. मी थापा मारतो, साती जनी माना डोलावत्यात.

तुमचं घरात एक तरी कुनी ऐकतं का रं?